दुनळी बंदुकीला घाट देणारा कारागीर

जुन्या दुनळी बंदुकांचा संग्रह करणाऱ्या जाणकारांमध्ये जोसेफ मँटन हे नाव आजही आदराने घेतले जाते. इंग्लंडमधील बंदूक-निर्मितीला कलेची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या कारागिराच्या पदरी मात्र आयुष्याच्या अखेरीस दिवाळखोरीच आली.

मँटन यांचा जन्म १७६६ मध्ये ग्रँथम येथे झाला. थोरले बंधू जॉन हेही लंडनमधील नामवंत बंदूककार होते. त्यांच्या हाताखाली धडे गिरवल्यावर १७८९ मध्ये जोसेफ यांनी डेव्हिस स्ट्रीटवर स्वतंत्र दुकान थाटले. तो काळ चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकांचा होता. त्यांनी बंदुकीवरील अनावश्यक नक्षीकाम कमी करून वजन, तोल आणि चापाच्या यंत्रणेची अचूकता यांवर भर दिला. उमराव आणि शिकारी यांची त्यांच्या दुकानी रीघ लागली.

१८०६ मध्ये त्यांनी दोन नळ्यांच्या मधोमध बसणाऱ्या उंच पट्टीचे पेटंट घेतले. नळी मागे जाड व तोंडाशी पातळ असते. तरीही तिच्यावरून नेम धरल्यास उडत्या पक्ष्याच्या खालून छर्रे जात. मागच्या बाजूस उंच असलेल्या या पट्टीमुळे नळीचे तोंड किंचित वर राहू लागले आणि हा दोष दूर झाला.

पुढे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाचा मार्ग दाखवला. मँटन यांनीही १८१६ आणि १८१८ मध्ये त्या तत्त्वावरील यंत्रणांची पेटंटे घेतली. मात्र अधिक सोपी असलेली तांब्याची टोपी अखेर सर्वमान्य ठरली.

मँटन यांचा घात केला तो कोर्टकज्जांनी. तोफगोळ्यांविषयीच्या त्यांच्या शोधावरून लष्करी खात्याशी वाद चिघळला. पेटंटांच्या रक्षणासाठी केलेल्या दाव्यांतही पैसा पाण्यासारखा गेला. १८२६ मध्ये ते दिवाळखोर ठरले. त्याच वर्षी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील त्यांच्या जागेत नवा मालक आला, तो म्हणजे एके काळी त्यांच्याच कारखान्यात दस्ते घडवणारा जेम्स पर्डी. टॉमस बॉस हेही मँटन यांच्याच कारखान्यात घडलेले. पर्डी आणि बॉस यांच्या पेढ्या पुढे जगविख्यात झाल्या; गुरूचा व्यवसाय मात्र पुन्हा उभा राहिला नाही. मँटन घराण्याची एक शाखा कोलकात्यात बंदुकांचा व्यापार करू लागल्याने हे नाव भारतातील संस्थानिकांनाही परिचित झाले.

२९ जून १८३५ रोजी मँटन यांचे निधन झाले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या बंदुकांचे चाहते व नामांकित शिकारी कर्नल पीटर हॉकर यांनी त्यांचा समाधीलेख लिहिला.

मँटन यांच्या अनेक चकमकी बंदुका नंतर टोपीच्या पद्धतीत बदलून घेण्यात आल्या. त्यामुळे मूळ रूपातील दुनळी, तीही जुन्या पेटीसह, संग्राहकांना विशेष मोलाची वाटते. त्यांचे नाव कोरलेल्या नकली बंदुकाही पुष्कळ असल्याने जाणकार केवळ नावावर विसंबून न राहता क्रमांक आणि कारागिरी बारकाईने पारखून घेतात. ज्या नकलांविरुद्ध लढताना मँटन यांनी सारे गमावले, त्या त्यांच्या पश्चातही थांबल्या नाहीत.