पावलांकडे पाहणारा डॉक्टर

जेम्स पार्किन्सन जन्मले ११ एप्रिल १७५५ला, लंडनच्या हॉक्स्टनमध्ये. वडिलांसारखेच डॉक्टर, जीवाश्मांचाही भारी नाद. १८१७मध्ये त्यांनी कंपवातावर ६६ पानांचा निबंध लिहिला. रुग्ण अवघे सहा, त्यातले काही तर रस्त्यात पाहिलेले! थरथरता हात कुणालाही दिसतो. यांनी पावलंही पाहिली: माणूस पुढे झुकतो, नाइलाजाने धावू लागतो, तोंडघशी पडतो. एकाला सावरायला सोबती समोरून उलटा चालायचा. १८२४मध्ये ते वारले. रोगाला त्यांचं नाव पुढे फ्रान्सच्या शार्कोंनी रूढ केलं.

आज खडोलीतल्या एखाद्या घरात आजोबांना कंपवात असेल, तर पडण्याचा धोका जोखायला तीन गोष्टी बघाव्यात: वर्षभरात पडलेत का, महिनाभरात चालताना पाय जमिनीला चिकटले का, नेहमीची चाल सेकंदाला १.१ मीटरहून मंद आहे का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर डॉक्टरांना सांगायचं.