देवाची निवड आणि विल्यम केरी

देवानें आपलीं माणसें जग निर्माण होण्यापूर्वींच निवडलीं आहेत, ही शिकवण प्रेषित पौलाच्या पत्रांत आढळते, आणि तीवरून ख्रिस्ती मंडळींत शेंकडों वर्षें वाद चालत आले आहेत. पवित्र शास्त्राच्या तासाला हा भाग निघाला कीं, वर्गांतील एखादा चाणाक्ष विद्यार्थी हमखास विचारतो : निवड आधींच ठरली असेल तर आम्ही प्रार्थना कां करावी, चांगलें वागण्याची धडपड कां करावी, आणि दुसऱ्याला सुवार्ता तरी कां सांगावी? प्रश्न पोरकट नाहीं. भल्याभल्या पंडितांनीं त्यापुढें हात टेकले आहेत. म्हणून त्याचें उत्तर वादग्रंथांत न शोधतां एका मनुष्याच्या चरित्रांत शोधावें असें आम्हांस वाटतें. तो मनुष्य म्हणजे डॉ. विल्यम केरी. हा प्रश्न त्यांच्याही पुढें उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर त्यांनीं आयुष्यभर हातांनीं दिलें.

केरी यांचा जन्म इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यांत, पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत, ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजीं झाला. वडील आधीं विणकर होते. पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर झाले. मुलाला फुलापांखरांचा व झाडपाल्याचा मोठा नाद. शेतावर काम करावें तर ऊन लागून त्याची कातडी विकारे. तेव्हां चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला जवळच्या पिडिंग्टन गांवीं जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें.

याच दिवसांतील एक गोष्ट केरींनीं पुढें स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावी. नाताळच्या सुमारास शिकाऊ पोरांनीं गिऱ्हाइकांकडे जाऊन बक्षिशी मागावी अशी त्या काळीं तिकडे चाल होती. लोखंडी सामानाच्या एका दुकानदारानें विल्यमपुढें सहा पेन्स आणि एक शिलिंग अशीं दोन नाणीं धरून पाहिजे तें घे म्हणून सांगितलें. शिलिंग म्हणजे दुप्पट. पोरानें तेंच उचललें. तो बाजारांत खरेदी करूं लागला तेव्हां कळलें कीं नाणें खोटें, निव्वळ पितळेचें! धन्याचेही पैसे त्याच्याजवळ होते. त्यांतील एक खरें शिलिंग त्यानें स्वतःसाठीं वापरलें, आणि खोटें नाणें धन्याच्याच पैशांत आलें होतें असें सांगावयाचें ठरविलें. इतक्यावर तो थांबला नाहीं. परत येतांना वाटेंत त्यानें देवाची प्रार्थना केली कीं, एवढी लबाडी पचूं दे, यापुढें मी वाईट मार्गाला जाणार नाहीं. लबाडी पचली नाहीं. धन्यानें चौकशी केली, सर्व उघडकीस आलें, आणि लाजेनें त्या मुलाला कित्येक दिवस चारचौघांत तोंड दाखवेना.

तोंपर्यंत विल्यम नेमानें देवळांत जाई आणि आपण धार्मिक आहों अशी त्याची समजूत होती. त्या पितळी नाण्यानें ती समजूत मोडली. आपल्या प्रार्थनेंतसुद्धां खोट असूं शकते हें त्याला कळलें. आमच्या मतें देवाच्या निवडीचा अर्थ केरींना पुढें जो समजला त्याचा पाया येथें आहे. देव निवडतो तें माणसाचें नाणें वाजवून, खरें ठरल्यावर नव्हे, एवढें ते यानंतर कधीं विसरले नाहींत.

हळूहळू ते सरकारी चर्चमधून निघून बाप्तिस्त मंडळींत आले, आणि १७८३ च्या ऑक्टोबर महिन्यांत नेन नदींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वींच विसाव्या वर्षाच्या आंत त्यांचें लग्न झालें होतें. पत्नी डॉरथी हिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. लग्नाच्या नोंदींत तिची सही नसून खूण आहे. पुढें मोल्टन गांवीं केरी शाळा चालवीत, उपदेश करीत, आणि दोन्हींवर भागेना म्हणून जोडेही शिवीत. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्यांनीं अशाच सांपडेल त्या वेळांत हस्तगत केल्या. कामाच्या जागीं भिंतीवर कागद डकवून त्यांनीं जगाचा एक मोठा नकाशा काढला होता, आणि देशोदेशींची लोकसंख्या व धर्म यांची माहिती त्यावर लिहून ठेवली होती. कप्तान कुकच्या प्रवासवर्णनांनीं त्यांना वेड लावलें होतें; मात्र त्या बेटांचीं वर्णनें वाचून इतरांना साहस आठवे, तर केरींना तेथलीं माणसें आठवत.

आतां आपण मूळ प्रश्नाकडे येऊं. केरींची मंडळी निवडीची शिकवण कडवेपणानें मानणारी होती. तींतील कित्येक वडील उपदेशकांनीं या शिकवणीपासून असा निष्कर्ष काढला होता कीं, ज्यांची निवड झाली आहे त्यांस देव आपल्या वेळीं आणीलच. ज्यांची झाली नाहीं त्यांना हांक मारण्यांत अर्थ नाहीं, किंबहुना तो देवाच्या कामांत आगाऊपणा होय. उपदेशकांच्या एका सभेंत केरींनीं परदेशीं सुवार्ता पाठविण्याचा विषय काढला, तेव्हां ज्येष्ठ जॉन रायलंड यांनीं त्यांना दटावून खालीं बसविलें अशी आख्यायिका आहे. रायलंड यांच्या मुलानेंच पुढें तिच्या खरेपणाविषयीं शंका घेतली. तेव्हां तिच्यावर आम्ही फार भर देत नाहीं. पण त्या काळची हवा तशी होती यांत संशय नाहीं.

ही हवा बदलणारे लोक निवडीची शिकवण टाकून देणारे नव्हते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. रॉबर्ट हॉल यांचें एक लहान पुस्तक १७८१ सालीं निघालें, आणि केटरिंगचे अँड्र्यू फुलर यांचें १७८५ सालीं. दोघेही निवड मानीत. परंतु सुवार्तेचें आमंत्रण सर्व मनुष्यांना आहे व तें स्वीकारणें सर्वांचें कर्तव्य आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. केरींनीं तें मान्य करून पुढचें पाऊल टाकलें. १७९२ सालीं त्यांनीं सत्त्याऐंशीं पानांचा एक निबंध छापला. त्याच्या लांबलचक नांवांतील खरा शब्द म्हणजे साधनें. साध्य देव ठरवितो, पण तो साधनांनींही काम करतो, आणि तीं साधनें वापरणें ख्रिस्ती माणसावर बंधनकारक आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील करिंथ शहराची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक असेल. त्या नगरांत आपले पुष्कळ लोक आहेत, असें प्रभूनें पौलाला रात्रीं दृष्टांतांत कळविलें. तें ऐकून, आतां आपली गरज नाहीं म्हणून पौलानें गांठोडें बांधलें नाहीं. तो तेथें दीड वर्ष शिकवीत राहिला.

१७९२ च्या मे अखेरीस नॉटिंगहॅम येथें केरींनीं उपदेश केला, आणि २ ऑक्टोबरला केटरिंग येथें एका विधवेच्या घराच्या मागल्या खोलींत कांहीं गरीब उपदेशकांनीं संस्था स्थापिली. वर्गणीचे आंकडे पडले तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे एखादें किराणा दुकानही कोणी काढणार नाहीं.

येथून पुढें जें घडलें त्यांत एक दुःखाची बाजू आहे, आणि चरित्रकार ती बहुधा घाईनें उरकतात. डॉरथीला हिंदुस्थानांत यावयाचें नव्हतें. तिनें स्पष्ट नकार दिला होता. तिला न घेतां जाण्याचीही केरींची तयारी होती. पण जहाज चुकलें, मुक्काम लांबला, आणि अखेर बहीण बरोबर येत असेल तर येतें असें ती म्हणाली. थोड्याच दिवसांपूर्वीं जन्मलेलें मूल मांडीवर घेऊन ती १३ जून १७९३ रोजीं डॅनिश जहाजावर चढली. नोव्हेंबरांत मंडळी कलकत्त्यास पोंचली. पैसा नाहीं, घर नाहीं, मुलें आजारी. पुढें उत्तर बंगालांत मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर केरींना देखरेखीचें काम मिळालें. तेथें १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा पीटर आमांशानें गेला. त्यानंतर डॉरथीचें मन बिघडलें, तें कधींच सुधारलें नाहीं. १८०७ सालीं मृत्यु येईपर्यंत ती बहुतेक कोंडलेली असे, आणि शेजारच्या खोलींत केरी भाषांतर करीत बसत. पाचारण पतीला झालें होतें. किंमत पत्नीनें दिली. आपली निवड झाली आहे असें ज्याला वाटतें, त्यानें तिचें ओझें दुसऱ्याच्या खांद्यावर किती टाकावें, हा प्रश्न आम्हांस येथें बोंचतो, आणि केरींविषयींच्या आदरानें तो बोथट होत नाहीं.

सात वर्षें गेलीं. एकाही बंगाली मनुष्यानें बाप्तिस्मा घेतला नाहीं. निवडीवरील विश्वास हा ज्याच्या हातीं आळसाचें निमित्त असतो, तो अशा वेळीं खुशाल घरीं परततो. केरींच्या हातीं तोच विश्वास टिकून राहण्याचें बळ ठरला. फळ देणें आपल्याकडे नाहीं, म्हणून फळ दिसलें नाहीं तरी नांगर सोडण्याचें कारण नाहीं, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या अंगीं दुसरा गुण नाहीं, फक्त चिकटून काम रेटतां येतें, असें ते पुढें पुतण्याला सांगत. १८०० च्या आरंभीं ते हुगळीच्या कांठीं डॅनिश लोकांच्या श्रीरामपुरास आले. (आपल्या महाराष्ट्रांतलें श्रीरामपूर तें निराळें.) तेथें मार्शमन आणि वॉर्ड हे सोबती मिळाले. त्याच वर्षीं कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा खांदा निखळला, तो केरींचे सहकारी डॉ. टॉमस यांनीं बसवून दिला, आणि त्या ओळखींतून २८ डिसेंबरला हुगळीच्या पाण्यांत कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला. केरींचा थोरला मुलगा फेलिक्स याचाही त्यांच्याबरोबरच झाला. सात वर्षांनीं आलेला हा आनंदाचा दिवस कसा होता? टॉमस आनंदातिशयानें भ्रमिष्ट झाले होते; त्यांना एका खोलींत ठेवलें होतें, डॉरथीला दुसऱ्या. त्यांच्या ओरडण्याच्या आवाजांतून केरी आपल्या मुलाला व कृष्ण पालांना घेऊन नदीकडे चालत गेले.

यानंतरचें कार्य सर्वांस माहीत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८०१ सालीं बंगाली नवा करार छापून निघाला. त्याच वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत केरींची बंगाली व संस्कृतचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. पुढें ते मराठीही शिकवूं लागले. पगार आधीं दरमहा पांचशें रुपये, नंतर हजार. परंतु श्रीरामपूरच्या बंधूंची थैली एक होती, आणि पोटापुरतें ठेवून बाकी सर्व रक्कम तींत जाई. केरी महाराष्ट्रांत कधीं आले नाहींत. तरीही मुख्य पंडित वैद्यनाथ यांच्या साह्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. त्याची भाषा टिकाऊ ठरली नाहीं, हें खरें. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं नवें भाषांतर करून तें १८२६ सालीं छापलें. देवानें निवडलेल्याच्या हातूनही कच्चें काम होतें.

११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मार्शमन यांनीं जाऊन बातमी सांगितली. कागद, अक्षरें, व्याकरणांचीं हस्तलिखितें, आणि अनेक भाषांच्या ज्या महाकोशावर केरींनीं वर्षानुवर्षें मेहनत घेतली होती त्याचे कागद, सर्व राख झालें. छापयंत्रें वांचलीं, आणि ठसे पाडण्याचे सांचे ढिगाऱ्यांत सांपडले. केरींच्या डोळ्यांत पाणी आलें. त्यांनीं देवाला दोष दिला नाहीं. पण देवाची इच्छा म्हणून हात जोडून ते स्वस्थही बसले नाहींत. वितळलेल्या शिशाचीं पुन्हां अक्षरें ओतण्यांत आलीं, पंडितांना बोलावून भाषांतरें पुन्हां आरंभिलीं गेलीं, आणि थोड्याच दिवसांत छपाई सुरू झाली. एकदां गेलेली वाट दुसऱ्यांदा चालणें सोपें जातें, असें ते म्हणत. निवड मानणें आणि साधनें वापरणें यांत त्यांना विरोध कसा दिसत नसे, हें या एका प्रसंगावरून समजावें.

सतीबंदीचा कायदा डिसेंबर १८२९ मध्यें झाला. त्याचा बंगाली तर्जुमा करण्याचें काम केरींकडे आलें तो रविवार होता. त्यांनीं उपासनेचा उपदेश दुसऱ्यावर सोंपविला आणि पंडिताला घेऊन ते दिवसभर लिहीत बसले. एका दिवसाच्या विलंबानें किती स्त्रिया चितेवर जातील हें त्यांना ठाऊक होतें. सात दिवसांतला एक दिवस काटेकोरपणें पाळणाऱ्या मनुष्याचा हा रविवार होता.

९ जून १८३४ रोजीं श्रीरामपूर येथें त्यांचें देहावसान झालें. शेवटच्या आजारांत भेटीस आलेल्या डफ साहेबांना त्यांनीं विनविलें कीं, केरीविषयीं बोलूं नका, केरीच्या तारकाविषयीं बोला. मृत्युपत्रांत त्यांनीं आपल्या थडग्याचीही व्यवस्था लिहून ठेवली होती. दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारीं आपल्याला पुरावें. निराळा दगड नको. तिच्याच दगडावर नांव, जन्ममृत्यूच्या तारखा, आणि आयझॅक वॉट्सच्या एका गीतांतील दोन ओळी कोराव्या. त्या ओळींत एक दीन, निराधार जीव देवाच्या हातांवर स्वतःला टाकून देतो. याहून अधिक कांहीं लिहूं नये. वरच्या बाजूस लिहावें कीं खालच्या, हें दगडावर जागा असेल तसें पाहावें.