विश्लेषण : लंडनच्या शाळेच्या स्मरणयादीतील भारतीय वैमानिक… कोण होते इंद्रलाल रॉय?

पहिल्या महायुद्धात अवघ्या तेरा दिवसांत दहा हवाई विजय मिळवणारे इंद्रलाल रॉय २२ जुलै १९१८ रोजी उत्तर फ्रान्सच्या आकाशात मारले गेले. त्या वेळी त्यांचे वय होते १९ वर्षे. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते. युद्धात गमावलेल्या माजी विद्यार्थ्यांमध्ये ही शाळा त्यांची गणना करते. त्याच युद्धात महाराष्ट्राच्या खेड्यांतून गेलेल्या हजारो शिपायांची मात्र गावातल्या शिळेवर नावे नाहीत, केवळ संख्या आहे. हा फरक का पडला, हे समजून घेताना रॉय यांचे छोटेसे आयुष्य मोलाचे ठरते.

जन्म कोलकात्यात, शाळा लंडनमध्ये…

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला. वडील पियारेलाल रॉय बॅरिस्टर होते. घराणे पूर्व बंगालमधील बारिसाल जिल्ह्यातल्या लाकुटियाचे, जमीनदारांचे. आई ललिता या पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक असलेल्या डॉ. सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती यांच्या कन्या. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब लंडनला स्थायिक झाले. ललिता रॉय तेथील सार्वजनिक जीवनात पुढे होत्या. १९११ मध्ये मताधिकारासाठी निघालेल्या ब्रिटिश महिलांच्या भव्य मिरवणुकीत त्या इतर भारतीय महिलांसह सहभागी झाल्या होत्या.

घरात इंद्रलाल यांना ‘लॅडी’ म्हणत. ते पश्चिम लंडनमधील सेंट पॉल्स शाळेत शिकले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते १५ वर्षांचे होते. पोहण्यात आणि रग्बीत ते तरबेज होते. शाळेच्या लष्करी छात्र पथकातही होते. खंदकातून मारा करणाऱ्या उखळी तोफेचा स्वतः काढलेला आराखडा त्यांनी शाळेत असतानाच ब्रिटिश युद्ध खात्याला पाठवला होता, असे सांगितले जाते. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजची शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली होती. पण १८ वर्षे पूर्ण होताच त्यांनी विद्यापीठाऐवजी विमानदलाची वाट धरली. मोठे बंधू परेशलाल याआधीच सैन्यात दाखल झाले होते.

अरविंद घोष यांचीही हीच शाळा…

सेंट पॉल्समध्ये शिकलेले इंद्रलाल हे पहिले बंगाली नव्हते. त्यांच्याआधी, १८८४ ते १८९० या काळात, अरविंद घोष याच शाळेत होते. पुढे केंब्रिजला शिकून ते १८९३ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत आले आणि नंतर क्रांतिकारी राजकारणात उतरले. एकाच शाळेतून बाहेर पडलेल्या दोन बंगाली विद्यार्थ्यांपैकी एकाने साम्राज्याला आव्हान दिले, तर दुसऱ्याने त्याच साम्राज्याच्या गणवेशात प्राण दिले. इंद्रलाल यांची भारतात फारशी आठवण का राहिली नाही, याचे उत्तर काही अंशी इथेच सापडते.

दृष्टिदोषामुळे नकार…

रॉयल फ्लाइंग कोअर हे त्या काळचे ब्रिटिश विमानदल. तेथे इंद्रलाल यांना दृष्टिदोषाचे कारण देऊन आधी नाकारण्यात आले. त्यांनी आपली मोटरसायकल विकली आणि त्या पैशांतून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी करून घेतली. त्या अहवालामुळे पहिला निर्णय फिरला. एप्रिल १९१७ मध्ये ते दाखल झाले आणि ५ जुलै १९१७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाले.

या कमिशनचे महत्त्व मोठे होते. ब्रिटिश भारतीय सेनेत लाखो भारतीय लढत होते, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे राजाचे कमिशन भारतीयांना जवळजवळ बंद होते. विमानदलात ही संधी बोटांवर मोजण्याइतक्या भारतीयांना मिळाली. इंद्रलाल यांच्यासह हरदितसिंग मलिक, ई. एस. सी. सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ही त्यांतली ठळक नावे. मलिक युद्धातून परतले आणि स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. सेन जर्मनांच्या कैदेत पडले, पण वाचले. केंब्रिजला शिकलेले वेलिंगकर जून १९१८ च्या अखेरीस जखमी अवस्थेत जर्मनांच्या ताब्यात असताना मरण पावले. तीन आठवड्यांनी इंद्रलालही गेले. चौघांपैकी दोघे एकाच उन्हाळ्यात संपले.

मृत समजून शवागारात…

३० ऑक्टोबर १९१७ रोजी इंद्रलाल फ्रान्समधील ५६व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. एसई-५ए हे एकआसनी लढाऊ विमान त्यांच्याकडे होते. ६ डिसेंबरला त्यांचे विमान कोसळले. बेशुद्ध इंद्रलाल यांना मृत समजून शवागारात ठेवण्यात आले आणि शुद्धीवर आल्यावर त्यांनी दार ठोठावून सुटका करून घेतली, अशी हकिकत सांगितली जाते.

उपचारांच्या काळात त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली. त्यांतली बरीचशी आजही उपलब्ध आहेत. बरे झाल्यावर वैद्यकीय मंडळाने त्यांना उड्डाणासाठी अपात्र ठरवले. इथेच ते सन्मानाने थांबू शकले असते. पण त्यांनी वरिष्ठांकडे वारंवार अर्ज केले. अखेर जून १९१८ मध्ये त्यांना ४०व्या स्क्वाड्रनमध्ये कॅप्टन जॉर्ज मॅकलरॉय यांच्या तुकडीत पाठवण्यात आले.

ते तेरा दिवस…

६ जुलै १९१८ रोजी द्रोकूर गावावर त्यांनी हॅनोव्हर जातीचे जर्मन विमान पाडून पहिला विजय नोंदवला. दोन दिवसांनी, ८ जुलैला, चार तासांत तीन. १३ तारखेला दोन, १५ ला दोन, १८ ला एक आणि १९ जुलैला शेवटचा. या दहापैकी दोन विजय सहकाऱ्यांसह विभागून मिळालेले होते. शत्रूची पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या किंवा निकामी करणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणतात. इंद्रलाल हे पहिले भारतीय एस ठरले.

२२ जुलैला कार्व्हँ गावावर फोकर डी-७ विमानांशी झालेल्या चकमकीत त्यांचे विमान पाडले गेले. त्यांची समाधी जवळच्या एस्तवेल गावाच्या दफनभूमीत आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. त्यांना शिकवणारे मॅकलरॉय नऊ दिवसांनी, ३१ जुलैला मारले गेले. सप्टेंबरमध्ये इंद्रलाल यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस जाहीर झाला. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय.

शाळा अशा याद्या का करतात?

युद्धात मेलेल्यांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत, असे ब्रिटनने युद्ध सुरू असतानाच ठरवले होते. श्रीमंतांनी आपली मुले परत आणावीत आणि गरिबांची मुले तिकडेच राहावीत, असा भेद नको हे त्यामागचे एक कारण. १९१७ मध्ये युद्ध समाधी आयोग स्थापन झाला. अधिकारी असो वा शिपाई, शिळा एकसारखी हे त्याचे तत्त्व होते.

परिणामी लाखो कुटुंबांना भेट देता येईल अशी समाधी जवळपास नव्हती. ती उणीव गावांनी, कार्यालयांनी, रेल्वे कंपन्यांनी आणि शाळांनी नावे कोरून भरून काढली. सेंट पॉल्ससारख्या शाळांवर तर मोठाच आघात झाला होता. त्यांचे माजी विद्यार्थी बहुधा कनिष्ठ अधिकारी असत आणि तुकडीच्या पुढे राहून चढाई करत. त्यामुळे त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाणही अधिक होते. या शाळेच्या मृतांत एप्रिल १९१७ मध्ये आरासच्या लढाईत मारले गेलेले कवी एडवर्ड थॉमस आहेत. ब्रिटनमधील स्मृतिसमारंभांत दर नोव्हेंबरला जिच्या ओळी म्हटल्या जातात, ती ‘फॉर द फॉलन’ ही कविता लिहिणारे लॉरेन्स बिन्यन हेही याच शाळेचे.

शाळेच्या यादीत वसाहतीतून आलेला मुलगा वेगळ्या रकान्यात जात नाही. ज्या वर्गात तो इतरांसोबत बसला, त्याच वर्गातल्यांसोबत त्याचे नाव येते. हयातीत हुद्दा मिळवण्यासाठी इंद्रलाल यांना झगडावे लागले. यादीतल्या जागेसाठी मात्र त्यांचे या शाळेत शिकणे पुरेसे होते.

मग भारतीय शिपायांच्या नावांचे काय झाले?

पहिल्या महायुद्धात १३ लाखांहून अधिक भारतीय सहभागी झाले. सुमारे ७४ हजार परतले नाहीत. फ्रान्समधील नव्ह-शापेल स्मारकावर, जिथे समाधी सापडत नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे आहेत. पण एकसारखेपणाचे तत्त्व सगळीकडे पाळले गेले नाही. मराठा पलटणी ज्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या, तिथल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिक आणि भारतीय अधिकारी नावानिशी आहेत. भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या देण्यात आली. आफ्रिकेतही असा भेदभाव झाला. एप्रिल २०२१ मध्ये युद्ध समाधी आयोगाने अहवाल प्रसिद्ध करून याबद्दल माफी मागितली.

महाराष्ट्रात आजही अनेक गावांच्या चावडीवर, शाळेच्या किंवा सरकारी इमारतीच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांतील संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांतले इतके मेले, एवढाच तिचा आशय असतो. कोण गेले हे त्या पाटीवरून कळत नाही. घरात आठवण टिकली तोवर नाव टिकले, नंतर आकडा उरला.

इंद्रलाल भारतात का विस्मरणात गेले?

युद्धातील मदतीच्या बदल्यात राजकीय अधिकार मिळतील, ही भारतीयांची आशा १९१९ च्या रौलट कायद्याने आणि जालियनवाला बाग हत्याकांडाने मोडून पडली. त्यानंतर साम्राज्यासाठी लढलेल्यांचा अभिमान बाळगणे अवघड झाले. स्वातंत्र्यानंतर तर ते युद्ध परक्यांचे ठरले. कोलकात्याच्या भवानीपूर भागात इंद्र रॉय रोड आहे. १९९८ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. भारतातली त्यांची सार्वजनिक ओळख मुख्यतः एवढ्यावरच टिकून आहे.

तरीही त्यांचा माग काढता येतो. जन्मतारीख, शाळा, स्क्वाड्रन, प्रत्येक विजयाचा दिवस आणि समाधीचे गाव, सारे नोंदलेले आहे. त्याचे कारण केवळ पराक्रम नाही. अधिकारी असल्याने लष्कराने त्यांची नोंद ठेवली, विद्यार्थी असल्याने शाळेने ठेवली. बसऱ्याच्या वाळवंटात मेलेल्या शिपायाच्या मागे अशी शाळा नव्हती. पलटणींचे दप्तर, निवृत्तिवेतनाचे कागद आणि समाधी आयोगाच्या जुन्या नोंदवह्या आता हळूहळू संगणकावर येत आहेत. गावातल्या पाटीवरच्या आकड्यामागची नावे शोधून ती त्याच भिंतीवर लिहिणे आज शक्य आहे. हे काम गावातली शाळाही हाती घेऊ शकते.