पाश्चरचं अर्धवट राहिलेलं गणित

आमच्या कॉलेजच्या गेटवर एक कुत्री आहे. तिचं नाव मस्का. कॅन्टीनमधल्या बनमस्क्यावरच ती मोठी झाली. फर्स्ट इयरवाले तिच्यासोबत सेल्फी काढतात, वॉचमनकाका थंडीत तिच्यासाठी पोतं अंथरतात. परवा कुणीतरी सहज विचारलं, हिला रेबीजची लस दिलीय का? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. मस्का सगळ्यांची होती, त्यामुळे तिला लस देणं कुणाचंच काम नव्हतं.

असाच प्रश्न एका माणसाला १४० वर्षांपूर्वी पडला होता, आणि तोही अख्ख्या देशातल्या कुत्र्यांबद्दल. त्याचं नाव लुई पाश्चर. २८ सप्टेंबर हा त्याचा स्मृतिदिन. हाच दिवस आज जगभर रेबीज दिन म्हणून पाळला जातो. शाळेच्या पुस्तकात पाश्चर आपल्याला दोन ओळींत भेटतो : दूध टिकवण्याची पद्धत शोधली, रेबीजची लस शोधली. पण ती लस मुळात माणसांच्या आधी कुत्र्यांना द्यायचा त्याचा विचार होता, हे पुस्तकात नसतं.

पाश्चरचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावातला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. पुढे हे कुटुंब आर्ब्वा या छोट्या गावी राहायला गेलं. लुई नऊ वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८३१ च्या ऑक्टोबरमध्ये, एक पिसाळलेला लांडगा त्या भागात शिरला आणि दिसेल त्याला चावत सुटला. तेव्हा उपाय एकच माहीत होता. चावलेली जागा तापलेल्या लोखंडानं डागायची. घराजवळच्या लोहाराकडे जखमी माणसांना असं डागताना छोट्या लुईनं पाहिलं. इतकं सोसूनही त्या परिसरातली आठ माणसं दगावली.

मोठा झाल्यावर तो डॉक्टर झाला नाही, केमिस्ट झाला. दारू का नासते, दूध का आंबतं, रेशमाचे किडे का मरतात, असल्या प्रश्नांच्या मागे लागून तो सूक्ष्मजंतूंपर्यंत पोचला. घरात मात्र एकामागून एक धक्के बसत होते. १८५९ ते १८६६ या सात वर्षांत त्याच्या तीन मुली गेल्या, त्यातल्या दोघी टायफॉइडनं. १८६८ मध्ये त्याला स्वतःला पक्षाघात झाला. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. डावी बाजू पुन्हा कधी पूर्ण बरी झाली नाही. त्याची सगळ्यात गाजलेली कामं या आजारपणानंतरची आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८८१ मध्ये त्यानं सगळ्यांसमोर मेंढ्यांना अँथ्रॅक्सची लस देऊन दाखवली. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या, न दिलेल्या मेल्या. पाश्चर स्टार झाला.

रेबीजचं काम त्यानं १८८० च्या डिसेंबरात सुरू केलं होतं. या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नव्हता. तो विषाणू असतो आणि त्या काळच्या भिंगांना तो दिसणं शक्यच नव्हतं, हे आज आपल्याला कळतं. पाश्चर आणि त्याचा सहकारी एमिल रू यांनी मग वेगळी वाट धरली. रोग मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो, तर तोच भाग वापरायचा. रोगानं मेलेल्या सशाचा मज्जारज्जू काचेच्या बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवायचा. जितके दिवस वाळेल तितका तो सौम्य होतो. सुरुवातीला सर्वात वाळलेला आणि मग रोज थोडा जास्त ताजा, असा डोस कुत्र्याला टोचला, की त्याला रोग होत नाही.

आधी कुत्र्यालाच टोचायचं, कारण पाश्चरचं लॉजिक सरळ होतं. माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळे. कुत्र्यांमधला रोग संपला, तर माणसांमधला आपोआप संपेल.

मग त्यानं गणित मांडलं आणि तिथंच घोडं अडलं. एकट्या पॅरिसमध्ये एक लाख कुत्री. उरलेल्या फ्रान्समध्ये आणखी सुमारे पंचवीस लाख. प्रत्येकाला एक नाही, अनेक इंजेक्शनं. तेवढे दिवस त्यांना ठेवायला पिंजरे, खायला अन्न, सांभाळायला शिकलेली माणसं. शिवाय एवढ्या लशीसाठी ससे आणायचे कुठून? फ्रान्समध्ये १८५५ पासून कुत्र्यांवर कर होता, म्हणजे निदान कागदावर तरी कुत्र्याला मालक होता. तरीही हे जमण्यातलं नव्हतं.

जागेचीही भानगड झालीच. प्रयोगाची कुत्री ठेवायला पाश्चरला पॅरिसबाहेर जागा हवी होती. म्यूदोंच्या जंगलात जागा बघितली, तर लोकांनी आरडाओरडा केला. मग व्हिलनव्ह-लेतां इथली सरकारी जागा मिळाली, तिथंही आसपासच्या गावांनी विरोध केला. कुत्र्यांना कुठे खायला घालायचं यावरून सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं बघितलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

म्हणून पाश्चरनं दिशा बदलली. रेबीज चावल्याबरोबर होत नाही, विषाणू मेंदूपर्यंत पोचायला बहुतेकदा काही आठवडे लागतात. त्या मधल्या वेळात चावलेल्या माणसालाच लस दिली तर?

६ जुलै १८८५. अल्सासमधून एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. जोसेफ माइस्टर. दोन दिवसांपूर्वी कुत्र्यानं त्याला चौदा ठिकाणी चावलं होतं. तो कुत्रा भटका नव्हता, त्याला मालक होता, एक किराणा दुकानदार. पाश्चरकडे डॉक्टरीची पदवी नव्हती, त्यामुळे सुई ग्रांशे नावाच्या डॉक्टरनं टोचली. पुढच्या दहा-अकरा दिवसांत तेरा इंजेक्शनं दिली गेली. त्या काळात पाश्चरची झोप उडाली होती. मुलगा वाचला. मोठेपणी तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच रखवालदार झाला.

गोष्ट इथं संपवली तर छान वाटेल, पण ती अपुरी होईल. माणसावर प्रयोग करायची घाई होतेय असं खुद्द रूला वाटत होतं आणि माइस्टरच्या उपचारापासून तो लांब राहिला. पाश्चरच्या नोंदवह्या विसाव्या शतकात अभ्यासकांना खुल्या झाल्या. माइस्टरला दिली त्या पद्धतीचे कुत्र्यांवरचे प्रयोग तेव्हा पूर्ण झालेले नव्हते, हे त्यातून दिसलं. त्याच वर्षी लुईज पेलतिए ही लहान मुलगी चावल्यावर तब्बल ३७ दिवसांनी आणली गेली. उशीर झालाय हे पाश्चरला कळत होतं, तरी त्यानं उपचार केले. ती वाचली नाही. मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्यानं चावलेली १९ माणसं आली, त्यातली १६ वाचली. देशोदेशीच्या देणग्यांतून १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. पुढे अशा संस्था जगभर निघाल्या. आपल्याकडे कसौलीला १९०० मध्ये, कुन्नूरला १९०७ मध्ये. आजी-आजोबा पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालायचे ना, ती लस याच जुन्या पद्धतीच्या घराण्यातली, प्राण्याच्या मेंदूपासून बनवलेली. आता ती बंद झाली. आज दंडात चार-पाच डोस घेतले की काम होतं.

चावलेल्यांसाठी रांगा लागल्या, कुत्र्यांचं गणित मात्र तसंच राहिलं. २८ सप्टेंबर १८९५ ला पाश्चर गेला तो व्हिलनव्ह-लेतांलाच, ज्या जागी त्याची कुत्री ठेवली होती तिथं.

ते गणित दुसऱ्यांनी पुढे नेलं. १९२० च्या दशकात जपानमध्ये एका डोसची लस मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांना दिली जाऊ लागली. सशांची आणि पिंजऱ्यांची अडचण सुटली. उरली मोजणीची आणि मालकीची. सगळ्याच कुत्र्यांना लस द्यावी लागत नाही, हेही कळलं. एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनाहून कमी कुत्र्यांना रोग देतो. त्यामुळे दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. दरवर्षी अशासाठी, की म्हातारी कुत्री मरतात आणि बिनलशीची पिल्लं जन्मतात.

पण ७० टक्के कशाचे? एकूण कुत्री किती हे माहीत नसेल तर टक्के काढणार कसे? त्यासाठी एक साधी युक्ती आहे. लस दिली की कुत्र्यावर रंगाची खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांमधून फिरून दिसतील ती कुत्री मोजायची. समजा ३०० कुत्र्यांना लस दिली आणि फिरताना दिसलेल्या १०० पैकी ६० वर खूण आहे. म्हणजे एकूण कुत्री साधारण ५००, आणि अजून ५० तरी पकडायला हवीत.

मालकीचा प्रश्न याहून अवघड. जिथं बहुतेक कुत्र्यांना मालक आहे, तिथं चौकात कॅम्प लावला की लोक दोरी धरून येतात. आपल्याकडे मात्र घरातलं कुत्रं, घरचं पण दिवसभर गावभर हिंडणारं, गल्लीनं पोसलेलं आणि कुणाचंच नसलेलं, असे सगळे प्रकार एकाच रस्त्यावर असतात. गल्लीतलं कुत्रं बिस्कीट खायला येईल, पण कॅम्पला त्याला कोण नेणार? त्याच्यासाठी जाळी घेऊन टीमनंच यावं लागतं.

हे जमतं, हे शेजारच्या गोव्यानं दाखवलंय. २०१३ ते २०१९ या काळात तिथं मोबाइल अॅपवर नकाशे लावून टीम गल्लोगल्ली पाठवल्या गेल्या. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, ७० टक्क्यांचं लक्ष्य आणि शाळाशाळांत मुलांना माहिती. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. पाश्चरनं सोडून दिलेलं गणित आपल्या बाजूच्या राज्यात सुटलं.

जगात मात्र आजही वर्षाला सुमारे ५९ हजार माणसं रेबीजनं मरतात असा अंदाज आहे, आणि जवळजवळ सगळी कुत्र्यामुळेच. त्यामुळे कुत्रं चावलं, ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लुईजचे ते ३७ दिवस विसरायचे नाहीत.

आणि मस्का? आम्ही कॅन्टीनमध्ये डबा फिरवला, वॉचमनकाकांनी तिला धरलं, डॉक्टरांनी टोचलं. तिच्या कार्डावर मालकाचं नाव लिहायचं होतं. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी आम्ही तिथं आमच्या वर्गाचं नाव लिहिलं. पुढच्या वर्षी आम्ही पास होऊन जाऊ. मस्काचा पुढचा डोसही पुढच्याच वर्षी आहे. ते कार्ड ज्युनियर्सच्या हातात देऊनच निघायचं, एवढं ठरलंय.