आपल्या जिल्ह्यातले दुसरे टिळक

स्मरणिकेसाठी आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिहायचे, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला, तोपर्यंत चांगली नावे गेली होती. टिळक आळीतले लोकमान्य एकाने घेतले होते, मालगुंडचे केशवसुत दुसरीने. मी म्हटले, मला टिळकच द्या, पण दुसरे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यावर तिघांनी विचारले, ते आपल्याकडचे कुठे?

आपल्याकडचेच. दापोली तालुक्यातल्या करजगावात ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळेत आपण त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ म्हटली आहे. बाण लागलेली पक्षीण चोचीतला घास घेऊन कशीबशी घरट्यापर्यंत पोचते आणि पिलांसमोर प्राण सोडते. बाई शिकवताना थांबल्या होत्या आणि मागच्या बाकावरची मुलेही गप्प होती, एवढे मला आठवते. कवी ख्रिस्ती होता हे मात्र वर्गात कुणी बोलले नाही. मला ते ठाऊक होते, कारण आमच्या घरी रविवारी पेटीवर जी भजने गायली जात, त्यातली निम्मीअधिक त्यांचीच होती. तुम्ही आमच्याकडे नाताळच्या करंज्या खाल्ल्यात, पण ही भजने ऐकली नसतील. ऐकली असती तर तुम्हाला ती वारकऱ्यांची वाटली असती.

त्या पक्षिणीपासूनच मला टिळक कळायला लागले. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते, स्वभावाने अतिशय तापट. घरात त्यांचा धाक होता. आई जानकीबाई मृदू आणि देवभोळ्या, त्यांना कवितेची आवड. नारायणाचे सगळे जग आईभोवती होते आणि तो अकरा-बारा वर्षांचा असताना ती गेली. त्यानंतर त्या घरात त्याचे मन राहिले नाही. पोराने घर सोडले आणि नाशिक गाठले. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला, इंग्रजी शाळेतही थोडा गेला, आणि मग पोटासाठी मिळेल ते केले. शिक्षकी केली, छापखान्यात काम केले, पुराणे सांगितली, कीर्तने केली. १८८० च्या सुमारास मनकर्णिका गोखले या मुलीशी लग्न झाले. त्याच आपल्या लक्ष्मीबाई. नवरा कधी घरी असे, कधी कुठे निघून जाई, याचा पत्ता नसे. एका जागी टिकणे टिळकांना जमत नव्हते. आजच्या भाषेत त्यांचा रेझ्युमे कोणत्याही एचआरने बाजूला ठेवला असता.

पण भटकंती नुसती पोटाची नव्हती. नागपूरला अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. जातिभेदाने पोखरलेला हा देश एकत्र येईल असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना सुटत नव्हता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते काही पटले नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले.

इथे मला जरा थांबायचे आहे. धर्मांतराच्या गोष्टीत वाद, पुरावे, तत्त्वज्ञान असे सगळे असते, आणि टिळकांच्या मनातही ते झालेच. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या रेव्हरंड ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. (हेच ॲबट पुढे आपल्या संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे.) पण माझ्या समजुतीने टिळकांना धरून ठेवले ते देवाच्या स्वभावाने. तो सूर्य उगवतो तेव्हा दुष्टांवरही उगवतो. रानातल्या फुलांना नटवतो, पाखरांना चारा देतो. हरवलेला मुलगा परत आला तर हिशेब मागत नाही, धावत येऊन मिठी मारतो. ज्याने लहानपणी वडिलांच्या पायरवाचाही धसका घेतला असेल, त्याला असा बाप पुस्तकात भेटल्यावर काय झाले असेल? त्यांच्या भजनांत ख्रिस्त कितीदा तरी ‘माउली’ होऊन येतो. हा शब्द त्यांना मिशनऱ्यांनी दिला नाही, तो ज्ञानोबा-तुकोबांकडून आला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. विठाई माउली म्हणणाऱ्या मराठी माणसाला देवाच्या कुशीत शिरायला नवे काही शिकावे लागले नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतल्या भाकिताची दोन वर्षे अजून पुरती सरली नव्हती.

त्यांना आधार मिळाला, पण त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लहानगा दत्तू पदरात, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातेवाईकांचा ओशाळलेला गराडा. अशी चारपाच वर्षे त्यांनी नाशिक-पंढरपुरात काढली. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते सगळे सांगितले आहे आणि स्वतःवर हसत सांगितले आहे, म्हणून जास्त लागते. टिळकांवर मी प्रेम करते, तरी बायकोला न सांगता असे पाऊल उचलणे मला आजही खटकते. शेवटी त्या मुलाला घेऊन नगरला आल्या, पण नवऱ्याचा धर्म घ्यायला नव्हे. सोवळे वेगळे, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. हळूहळू, स्वतःच्या विचाराने, लक्ष्मीबाईंची एकेक गाठ सुटत गेली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. देव मायाळू आहे असे गाणाऱ्या माणसाने निदान यावेळी तरी तसे वागून दाखवले, असे मी म्हणते.

नगरचे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. दुष्काळात अनाथ झालेली मुले तिथे राहत. बालकवी ठोमरे तिथे मुलासारखे राहिले. पैसा हातात टिकत नसे, कारण टिळक तो समोर दिसेल त्याला देऊन टाकत आणि लक्ष्मीबाई डोक्याला हात लावत. १९०४ मध्ये ते पाळक झाले, पुढे ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन केले. पण त्यांचे खरे काम भजनांचे. तोवर चर्चमध्ये गायली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजी चालीवर बसवलेली असत, मराठी शब्द त्यात अवघडून बसत. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन चर्चमध्ये आणले. टाळ वाजू लागले. परक्याच्या घरी आल्यासारखे बसणारे लोक मोकळे झाले.

त्यांची ही भजने माझ्या कामी आली ती २००९ मध्ये. पुण्यात मी ज्या कंपनीत होते तिथे मंदीत एका दुपारी आमच्या टीममधल्या नऊ जणांना मीटिंग रूममध्ये बोलावले आणि संध्याकाळी आमची ओळखपत्रे चालेनाशी झाली. घराचा हप्ता होता, मुलगी दोन वर्षांची. आई रत्नागिरीहून एसटीने आली. तिने मला उपदेश केला नाही. सकाळी भाकऱ्या थापताना टिळकांचे एक भजन गुणगुणत होती, तिला आवाजही नव्हता फारसा. मी त्या महिन्यात देवाकडे नोकरी मागत होते. आई गात होती तो देव नोकरी मिळो न मिळो, तसाच राहणारा होता. मला ते आधी चिडवणारे वाटले, नंतर त्याच्या आधाराने झोप लागू लागली. नोकरी पाच महिन्यांनी मिळाली.

म्हणून टिळकांच्या आयुष्यातले १९१७ हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. वय ५५ च्या पुढे, तब्येत साथ देईना, मिशनचा पगार सुरू. तो त्यांनी स्वतःहून सोडला. संन्याशासारखे राहून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते घर व्हावे, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. मिशनला हे अवघड वाटले, अनेक ख्रिस्ती मंडळींनाही. दरबार त्यांच्या मागे फार टिकला नाही. पण घर सोडून नाशिकच्या वाटेला लागलेला पोर आणि पगार सोडून साताऱ्याच्या वाटेला लागलेला म्हातारा यांत मला फरक दिसतो. पहिल्याला जायला जागा नव्हती. दुसऱ्याला कुठेही गेले तरी आईपाशीच आहोत असे वाटत होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. ख्रिस्ती असूनही आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी त्यांची इच्छा होती, तसेच झाले आणि अस्थी नगरला नेल्या. येशूचे चरित्र ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतले होते, ते पहिल्या काही अध्यायांवरच राहिले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे हाती घेतले आणि बाकीचे अध्याय स्वतः रचले.