बिनपगारी ते बिनतारी

गोष्ट गेल्या सेमिस्टरची. हॉस्टेलवर वाय-फाय आलं, पण माझ्या जुन्या डेस्कटॉपला ते पकडताच येईना. शेवटी पैठण गेटवरून वायरलेस कार्ड आणलं. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मागची पट्टी काढली आणि कार्ड स्लॉटमध्ये दाबून स्क्रू आवळला. मोबाइलचं नेट केबलने जोडून ड्रायव्हरही टाकला. नेटवर्क दिसलं, पण कांडी एकच! रूम पार्टनरने रिकाम्या खोक्यातून दोन अँटेना काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्या लावायच्याच राहिल्या होत्या.

अँटेना नेमकं करते काय, हे शोधत बसलो आणि जगदीशचंद्र बोस भेटले. तोपर्यंत माझ्या लेखी ते फक्त झाडांवर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ होते.

त्यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला आधी मातृभाषेच्या शाळेत घातलं. पुढे कोलकाता, मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू मिळाले. 1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. पण काम तेच असूनही भारतीय माणसाला पगार इंग्रजापेक्षा कमी! बोस यांनी तो घ्यायला नकार दिला. शिकवणं मात्र एक दिवसही सोडलं नाही. तीन वर्षं बिनपगारी काढली. अखेर सरकार नमलं आणि मागची सगळी थकबाकी चुकती झाली.

संशोधनाला धड लॅबही नव्हती. बाथरूमला लागून असलेल्या चिमुकल्या खोलीत त्यांनी 1894 मध्ये काम सुरू केलं. पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून उपकरणं बनवली. लहरींचं ध्रुवीकरण दाखवायला काय वापरलं असेल? पानापानांत कथलाचा वर्ख घातलेलं रेल्वेचं टाइमटेबल आणि पीळ दिलेला ताग! एवढ्या सामग्रीवर ते 5 मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे 60 गिगाहर्ट्झच्या लहरींपर्यंत पोचले. लहरी गोळा करायला फनेलसारखं तोंड लावलं. आज आपण त्यालाच हॉर्न अँटेना म्हणतो. कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोट घडवला, तेही तारेशिवाय. 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं.

पेटंटमधून पैसा करण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. मित्रमंडळींच्या आग्रहामुळे गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरसाठी अर्ज झाला, 1904 मध्ये अमेरिकन पेटंटही मिळालं. पण त्यावर त्यांनी धंदा केला नाही. 1909 चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. तोवर बोस वनस्पतींच्या अभ्यासात रमले होते. 1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

आपल्या वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. पुढे 2012 मध्ये वाय-फायचं 60 गिगाहर्ट्झचं मानक आलं. म्हणजे बोस सर ज्या पट्ट्यात खेळत होते, तिथे पोचायला आपल्या कार्डांना शंभरावर वर्षं लागली!

आता खरं सांगतो. त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपने मायक्रोवेव्हचं प्रोजेक्ट सोडायचं ठरवलं होतं. कारण काय, तर सामान नाही. बोस यांचं चरित्र वाचल्यावर ते कारण गाइड सरांसमोर सांगायची लाज वाटली. मेसमधून तेलाचा रिकामा डबा मागून आणला आणि त्याच्या पत्र्यातून पहिला हॉर्न कापला. रीडिंग अजून नीट येत नाही, सबमिशन जवळ आलंय. पण प्रोजेक्ट सोडलेलं नाही.

आणि हो, कार्ड बसवलंत तर अँटेना लावायला विसरू नका!