सागरतळाचे चित्रकार : झाक कूस्तो

मनुष्याने समुद्रावर गलबते हाकारली, दूरदूरची बेटे शोधून काढली. परंतु त्या गलबतांच्या तळाखाली कोणती सृष्टी नांदते आहे, हे त्याला शतकानुशतके नीटसे ठाऊक नव्हते. मोती काढणारे पाणबुडे दम कोंडून बुडी मारीत आणि थोड्याच वेळात वर येत. धातूचे जड शिरस्त्राण घालून उतरणाऱ्यास वरच्या नावेतून नळीने हवा पुरवावी लागे. नळी पोहोचेल तेवढेच त्याचे जग! हे बंधन तोडणाऱ्यांत झाक ईव्ह कूस्तो यांचे नाव अग्रभागी आहे.

फ्रान्समधील सेंट आंद्रे द क्युबझाक या गावी ११ जून १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी प्रकृती नाजूक, पण यंत्रांची आवड मोठी. तेराव्या वर्षीच त्यांनी चलच्चित्रे घेण्याचा एक कॅमेरा मिळविला आणि त्याचा भाग न् भाग सुटा करून पाहिला. पुढे ते नौदलात शिरले. वैमानिक होण्याची त्यांची मनीषा होती. परंतु १९३६ मध्ये मोटारीला भीषण अपघात होऊन त्यांचे हात मोडले आणि तो मार्ग कायमचा बंद झाला. अधू हातांना बळ यावे म्हणून ते तूलाँ बंदरानजीक समुद्रात पोहू लागले. फिलिप तायये या नौदलातील मित्राने त्यांना पाण्यात वापरावयाचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्याखाली डोके घातले मात्र, आणि वाळू, शेवाळ, मासे सारे लख्ख दिसू लागले. आयुष्याची दिशा त्या दिवशी ठरली.

जे दिसले ते इतरांना दाखवावे, ही त्यांना तळमळ लागली. १९४२ साली, ऐन महायुद्धात, त्यांनी जुना कॅमेरा जलाभेद्य पेटीत बसवून पहिला चित्रपट घेतला. चलच्चित्राची फीत मिळेना, तेव्हा साध्या छायाचित्रांच्या फिती विकत आणून ते व त्यांची पत्नी सिमोन पांघरुणाखालच्या काळोखात त्या एकमेकींना जोडीत. हे सारे चित्रण दम कोंडून केलेले होते.

अधिक वेळ खाली राहावयाचे, तर हवा बरोबर न्यावयास हवी. निव्वळ प्राणवायूचा प्रयोग त्यांनी करून पाहिला होता. पण खोलीवर तोच प्राणवायू विषासमान ठरतो. दोनदा त्यांना झटके आले व ते मरता मरता वाचले. पुढे एमिल गान्याँ या अभियंत्याची गाठ पडली. युद्धकाळी पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी कोळशाच्या वायूवर चालत. इंजिनाला हवा तेवढाच वायू पुरविणारी एक झडप गान्याँ यांनी तयार केली होती. तीच पाणबुड्याच्या कामी आणावयाची, असे ठरले. श्वास घेताच झडपेने हवा द्यावी, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची. १९४३ मध्ये मार्न नदीत परीक्षा झाली. आडवे पोहताना यंत्र उत्तम चाले. उभे राहिले की हवा वाया जाई, डोके खाली केले की ती ओढणे जड जाई. उच्छ्वास बाहेर पडण्याचे तोंड झडपेच्या अगदी शेजारी आणताच हा दोष गेला. केवढी लहान सुधारणा, पण तिच्यावाचून सारे व्यर्थ होते! तथापि समुद्राने आपली किंमत घेतलीच. १९४७ मध्ये अतिखोल बुडीच्या चाचणीत मॉरिस फार्ग हे त्यांचे सहकारी प्राणास मुकले.

१९५० नंतर ‘कॅलिप्सो’ हे जुने सुरुंगशोधक जहाज कूस्तोंचे घरच झाले. तांबडा समुद्र व हिंदी महासागर पालथा घालून त्यांनी ‘निःशब्द विश्व’ हा चित्रपट तयार केला. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा रंग प्रथम शोषून घेते. त्यामुळे खोलवर सारेच निळसर भासते. कूस्तोंच्या चमूने प्रखर दिवे खाली नेले, तो काय आश्चर्य! प्रवाळांचे लाल, पिवळे, केशरी रंग एकदम झळकले. सेशेल्समधील असम्प्शन या बेटापाशी तर एक थोराड मासा त्यांचा सोबतीच झाला. आपल्याकडे कोकणात ज्याला गोबरा किंवा हेकरू म्हणतात, त्याच कुळातला तो. खाऊच्या आशेने तो कॅमेऱ्यापुढे इतकी लुडबूड करी, की त्याला शार्क माशांपासून बचावासाठी आणलेल्या पिंजऱ्यात कोंडावे लागे. १९५६ मध्ये कान येथील महोत्सवात या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

त्याच चित्रपटातील काही दृश्ये मात्र आज पाहवत नाहीत. माशांची गणती करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडविलेला आहे. जहाजाच्या पंख्याने देवमाशाचे एक पिल्लू जखमी झाले. त्याच्या रक्तामागे आलेल्या शार्क माशांना खलाशांनी सूडाने ठेचून मारले. कासवांच्या पाठीवर बसून गंमत केली, ती वेगळीच. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी झाकून ठेवू नयेत, असे मला वाटते.

मात्र कूस्तो तेथेच थांबले नाहीत. जेथे पूर्वी मासळीचे थवे पाहिले, तेथे वर्षांनंतर उजाड खडक दिसू लागले, तसे त्यांचे मन पालटले. १९६० मध्ये किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा बेत फ्रान्समध्ये झाला, तेव्हा त्यांनी उघड विरोध केला. लोकमत खवळले आणि तो बेत रहित झाला. दूरचित्रवाणीवरून त्यांनी घरोघरी समुद्र नेला. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान-अपघातात गेला; तो घावही त्यांनी सोसला. वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते अंटार्क्टिका खंड खाणींपासून वाचविण्यासाठी देशोदेशींच्या सह्या गोळा करीत होते. १९९१ साली तेथील खाणकामास मनाई करणारा करार झाला.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका तराफ्याची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाले. ते वर काढण्यात आले. पण नव्या जहाजाची आखणी करीत असतानाच २५ जून १९९७ रोजी कूस्तो यांचे पॅरिस येथे निधन झाले. समुद्रापासून दूर, जन्मगावच्याच दफनभूमीत त्यांची समाधी आहे.